माहिती देणार : शेजारी

माझा स्वभाव संशयी आहे. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. तीस वर्षं पिठाची चक्की चालवणारा माणूस आणखी कसा असणार? रोज पन्नास डबे काट्यावर चढतात आणि पन्नास जणी सांगतात, "चारच किलो हाय." काटा साडेचार दाखवतो. वडनेरहून तीन किलोमीटर आत टेंभुरडोह नावाचं आमचं गाव आहे, तिथं ही माझी चक्की. गावात मला भैय्याजी म्हणतात, आणि पाठीमागं काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

२००६ च्या ऑगस्टमध्ये ग्रामपंचायतीच्या भिंतीवर दारिद्र्यरेषेची यादी लागली. सर्व्हे झाला होता चार वर्षांपूर्वी, २००२ च्या कापूसवेचणीच्या दिवसांत. मधली वर्षं ती कुठल्याशा कोर्टकज्ज्यात अडकली होती. प्रत्येक घराला तेरा प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार मार्क. जमीन किती, घर कसं, कपडे किती, जेवण किती वेळ, असे प्रश्न. मार्क जितके कमी तितका माणूस गरीब, म्हणजे शाळेच्या अगदी उलट. आमच्या गावाची रेघ अठरा मार्कांवर पडली होती. अठरापर्यंतच्यांना सगळं मिळणार, एकोणीसवाल्यानं घरी बसायचं.

लोडशेडिंगच्या वेळेत चक्की बंद असते, तेव्हा मी यादी वाचायला गेलो. सरपंच प्रभाकररावांचा चुलतभाऊ लहानू, ज्याच्या दारात मोटरसायकल उभी असते, त्याला चौदा मार्क. आणि माझ्या चक्कीच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या तानाबाईला एकतीस.

मी दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. एकतीसच.

तानाबाईचं सांगतो. वय साठीचं, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, एक पोरगी होती ती हिंगणघाटला दिलेली. रोजमजुरीवर जगणारी बाई. आदल्या वर्षी तिच्या मातीच्या घराची मागची भिंत बसली. तेव्हापासून तिथं बारदाना आणि दोन टिनाचे पत्रे लावून ती राहत होती. सरकारी घरकुल मिळालं तर तिचं घर उभं राहणार होतं, नाहीतर हिंगणघाटला जावयाच्या दारी जाऊन पडायचं, आणि जावयाच्या दारी जायची तिची बिलकुल तयारी नव्हती. घरकुल मिळतं फक्त रेघेखालच्यांना. मी यादी वाचून परत आलो तेव्हा ती चक्कीसमोरच उभी होती.

"हाय का जी माहं नाव?"

"नाव हाय," मी म्हणालो. "पण वरती हाय."

ती म्हणाली, "तेवढं पाह्यजा भैय्याजी. पोरीच्या घरी मले नाई जाचं." मला एवढा संताप आला, की लाइट आल्यावर मी मोटार सुरू करायचंही विसरलो.

माझं गणित तिथल्या तिथं जुळलं. मागच्या निवडणुकीत तानाबाई प्रभाकररावांच्या पॅनलच्या प्रचाराला गेली नव्हती. लहानू त्यांचा भाऊ. ग्रामसेवक त्यांच्या हातातला. भावाला खाली ओढला, म्हातारीला वर ढकललं, मामला खतम. मी हे कौशल्याबाईला, म्हणजे आमच्या घरच्यांना, सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं आणि म्हणाली, "तुमाले तं देवाच्या मूर्तीचाई संशय येईन." मग जरा थांबून, "पण तानाबाईचं मात्र खराब झालं."

आमच्या ग्रामसेवकाला सगळं गाव 'सचिव' म्हणतं. निशांत नावाचा पंचवीस-सव्वीसचा पोरगा, वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेचा, वर्षभरापूर्वीच आलेला. मी त्याला गाठलं.

"सचिव साहेब, हे मार्क कोनं देल्ले?"

"मी नाई देल्ले काका. सर्व्हे माझ्या आधीचा हाय. इथल्या शाळेतल्या गजेंद्र गुरुजीनं केलता."

"मंग कागद कुठी हायेत?"

"हिंगणघाटले, पंचायत समितीत. तुमी माहितीच्या अधिकारात अर्ज करा ना! दहा रुपयाचा कोर्ट फी स्टँप लावा. एका महिन्यात त्याइले द्यावंच लागते. दारिद्र्यरेषेखालच्याले तं स्टँपई माफ हाय."

म्हणजे तानाबाई गरीब ठरली असती तर ती गरीब का ठरली नाही हे तिला फुकटात विचारता आलं असतं. मी हसलो, पण माझ्या मनात भलतंच आलं. हा पोरगा स्वतःहून मला रस्ता का दाखवतो आहे? कागद आधीच गायब केले असतील, म्हणून तर एवढा निर्धास्त. मी अर्ज त्याच्याकडून लिहून न घेता घरी बसून लिहिला, आणि त्यात एकट्या तानाबाईचा नाही, अख्ख्या गावाचा सर्व्हे मागितला. एकशे सत्त्याऐंशी घरं. एकाचा मागितला तर तेवढाच बदलून देतील, सगळे बदलायला त्यांना वेळ पुरणार नाही.

आणि मी गप्प बसलो नाही. चक्कीवर येणाऱ्या प्रत्येक बाईला मी सांगितलं, "दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेले या. एकेक कागद वाचून दाखवतो कोनं काय खेळ केला ते." आमच्या गावात ग्रामसभेला कोणी जात नसे. चपराशी रजिस्टर घेऊन घरोघरी फिरायचा, लोक ओट्यावर बसून सही करायचे आणि सभा झाली असं समजायचं. मीही तसाच सही करत आलो होतो. या वेळी मात्र गाव येतो म्हणालं. लोकांना भांडण पाहायला आवडतं.

हिंगणघाटच्या ऑफिसात मी तीन चकरा मारल्या. तिथल्या बाबूनं प्रत्येक वेळी खुर्ची दिली, तेही मला खटकलं. सत्ताविसाव्या दिवशी कागद मिळाले. मी तिथंच ओट्यावर बसून बोटाला थुंकी लावून मोजले. एकशे सत्त्याऐंशी. मी परत मोजले. एकही कमी नव्हता. एसटीत खिडकीची जागा पकडून मी गठ्ठा मांडीवर उघडला आणि आधी लहानूचा कागद शोधला.

मोटरसायकल : नाही. मला वाटलं, सापडला. मग लक्षात आलं, ती गाडी त्यानं गेल्या वर्षी घेतली. २००२ साली त्याच्याकडे सायकलही धड नव्हती. खाली लिहिलं होतं, "कुटुंबप्रमुख घरी हजर. माहिती स्वतः दिली." लहानूनं स्वतःच सांगितलं होतं, जमीन नावाला, कपडे दोन जोड, जेवण एक वेळ. थोडं रडगाणं असेल, पण ते त्याचं स्वतःचं. प्रभाकररावांचा त्यात हात कुठंच दिसत नव्हता. हे मला बिलकुल आवडलं नाही.

मग मी पुढचे कागद चाळले. वडनेर मागं पडलं तरी मी चाळतच होतो. हळूहळू मला एक गोष्ट दिसायला लागली. जे जे लोक त्या दिवशी घरी होते, म्हणजे पारावर बसणारे, दुकानवाले, आमच्यासारखे, त्यांनी आपापलं रडून घेतलं होतं. त्यांचे मार्क कमी. आणि जी घरं त्या दिवशी बंद होती, बायकामाणसं सगळी दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला गेलेली, त्यांचे मार्क पंचवीस, अठ्ठावीस, तीस. त्या कागदांवर खाली लिहिलेलं होतं, "कुटुंबप्रमुख गैरहजर. माहिती देणार : शेजारी." कामावर गेलेला प्रत्येक मजूर शेजाऱ्याच्या तोंडून खाऊनपिऊन सुखी झाला होता. चौसष्ट घरं होती अशी.

तानाबाईचा कागद एकशे बाराव्या नंबरला होता. अन्न : वर्षभर दोन वेळ पोटभर, चार मार्क. कपडे : सहा ते दहा जोड, तीन मार्क. घर : चांगलं. कर्ज : कोणाचंही नाही, चार मार्क. कुटुंबप्रमुख गैरहजर. माहिती देणार : शेजारी. त्याच्यापुढं सही होती. लांब शेपूट ओढलेली ती सही मी कुठंही ओळखली असती, कारण ती माझीच होती.

मी मान वर केली. एसटीत दहा-बारा लोक होते आणि सगळे माझ्याकडे बघताहेत असं मला वाटलं.

सगळं आठवलं. गजेंद्र गुरुजी दुपारचे आले होते. ऊन होतं, गल्लीतली सगळी घरं बंद, म्हणून मीच त्यांना आत बोलावलं. ते गव्हाच्या पोत्यावर बसले, कौशल्याबाईनं चहा दिला. गुरुजी एकेक घराचं विचारत गेले आणि मी मोटारीच्या आवाजात ओरडून सांगत गेलो.

"तानाबाई दोन वेळ जेवते का?"

"काय विचारता गुरुजी! आमच्या गल्लीत उपाशी कोन झोपते?"

"कपडे?"

"भरपूर. मोठी टापटिपीची बाई हाय."

"कोणाचं कर्ज?"

"कोनाची एक पै घेत नाई ते. इमानदार बाई."

मी तिची तारीफ करत होतो. परक्या माणसानं शेजारणीबद्दल विचारलं तर तिची अब्रू झाकायची, एवढंच मला कळत होतं. गुरुजी सरकारचा माणूस. त्याच्यासमोर आपल्या गल्लीतल्या बाईला भुकी-नागडी कशी म्हणायची? ती घरी असती तर तिनंही हेच सांगितलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. प्रत्येक तारिफेला एक एक मार्क चढत गेला आणि शेवटी गुरुजींनी बोट ठेवलं तिथं मी न वाचता सही ठोकली. अशा अकरा कागदांवर माझी सही होती.

संशयी माणसाचं एक वाईट असतं, त्याला थांबता येत नाही. घरी येईपर्यंत मी स्वतःवरच संशय घ्यायला लागलो होतो. खरंच तारीफ केली होती का? त्याच साली मी तानाबाईला विचारलं होतं, तुझी मागची जागा मला देतेस का, मिरची-कांडपाचं मशीन टाकतो. तिनं नाही म्हटलं, विषय संपला. पण ती गरीब ठरली असती तर तिथं सरकारी घर उभं राहिलं असतं आणि जागा कायमची गेली असती. तेव्हा हे माझ्या डोक्यात होतं का? नव्हतं, असं मी म्हणतो. पण दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी त्याच्यावर विश्वास ठेवला असता का? अजिबात नाही.

कौशल्याबाईनं कागद पाहिला, सही पाहिली, आणि माझ्याकडे पाहिलं. "आता काय करता?"

"गठ्ठा एकट्या माह्याकडे हाय," मी म्हणालो. "एक कागद कमी झाला तं कोनाले समजते?"

हे मी बोललो, खोटं का सांगू? तिनं कागद माझ्या हातात परत दिला. "तिच्या भिंतीले तुमची चक्की लागून हाय. रोज तिचं तोंड पाहान लागते तुमाले," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मी सचिवाकडे गेलो आणि त्याच्यासमोर कागद ठेवला. त्यानं वाचला. मी वाट पाहत होतो की तो हसेल, पण तो हसला नाही.

"काका, दुरुस्ती होते. पण ज्यानं माहिती देल्ली त्यानं ग्रामसभेत उभं राहून सांगाव लागते, का ते चूक होती. ते नोंद तहसीलदाराकडे जाते. चुपचाप नाई होत."

"गावासमोर?"

"गावासमोरच तं."

दोन ऑक्टोबरला शाळेच्या पटांगणात अख्खं गाव होतं. बायका एका बाजूला, माणसं एका बाजूला. रजिस्टर पहिल्यांदाच चपराशाच्या काखेत नव्हतं, टेबलावर होतं. प्रभाकरराव खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. मी महिनाभर त्यांच्या नावानं चक्कीवर काय काय बोललो ते त्यांच्यापर्यंत पोचलेलं होतं.

"वाचा भैय्याजी," ते म्हणाले. "आमचा खेळ गावाले समजू द्या."

मी गठ्ठा सचिवाला दिला. "एकशे बारा नंबरचा पहिले वाचा."

त्यानं मोठ्यानं वाचलं. दोन वेळ पोटभर हे ऐकून बायकांच्या बाजूनं हसू आलं. सहा ते दहा जोड कपडे यावर आणखी मोठं. कोणीतरी ओरडलं, "कोन व्हय तो शेजारी?"

"मी," मी उभा राहून म्हणालो. "सही माही हाय. चुकीचं सांगतलं होतं मी."

हसू थांबलं. प्रभाकरराव खुर्चीत पुढं झुकले. "आता समजलं राजेहो! भैय्याजीले मिरची-कांडपाले जागा पाह्यजे होती. बाई गेली पोरीच्या घरी, का जागा याइची. आन् नाव कोनाचं? आमचं!"

कुजबूज सुरू झाली. मला माणसांचे चेहरे दिसत होते. तीस वर्षं मी ज्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्याच नजरेनं ते आज माझ्याकडे पाहत होते. माझ्या जागी दुसरा असता तर मीही प्रभाकररावांसारखंच बोललो असतो.

सचिवानं बायकांकडे वळून विचारलं, "तानाबाई, तुमीच सांगा. दोन वेळ जेवता का तुमी?"

तानाबाई उठली. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला. साऱ्या गावानं माना वळवल्या होत्या. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"जेवतो न मी," ती म्हणाली. "दोन वेळ जेवतो. भैय्याजी काऊन खोटं सांगन?"

सचिवाच्या हातातला पेन थांबला. घर जात होतं बाईचं, तिच्याच तोंडानं. मला वाचवायला म्हणत होती की स्वतःची लाज राखायला, मला आजही ठरवता येत नाही. पण त्या क्षणी मला तिचाच राग आला.

"खाली बस तानाबाई!" मी ओरडलो. "लिहा सचिव साहेब. आठ दिवसाले दीड किलो ज्वारी आणते हे बाई. एका माणसाच्या दोन वेळच्या भाकरीले तीन किलोच्या वर लागते. मे महिन्यात तं बारा-बारा दिवस डबा येत नाई तिचा. दोन हजार दोनमंदीई हेच होतं. मले तवाई मालूम होतं. मालूम असून मी पोटभर सांगतलं."

"दुसऱ्या चक्कीवर जात नसन कशावरून?" प्रभाकररावांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता, मीही तोच विचारला असता. पण मी आता तापलो होतो, आणि तापलेल्या माणसाच्या तोंडाला झाकण नसतं.

"कशावरून? उपाशी दिसते म्हून तं तिचा डबा मी मुद्दाम तुमच्या घरच्या दळणामागून लावतो!"

चक्की माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. एकाचं दळण झालं की दगडांत आणि नळीत थोडं पीठ मागं राहतं. ते पुढच्याच्या डब्यात पडतं. प्रामाणिक चक्कीवाला ते झटकून आधीच्याला देतो.

"तुमच्या घरचं मूठ-दोन मूठ पीठ मी झटकतच नाई," मी बोलत सुटलो होतो. "तिच्या डब्यात जाऊ देतो. सहा वर्षं झाले. तेवढं धरूनई डबा अर्ध्याच्या वर येत नाई. मंग सांगा, कुठी जेवते ते दोन वेळ?"

मग प्रभाकररावांच्या घरची सून मोठ्यानं म्हणाली, "म्हंजे आमचं पीठ कमी येत होतं ते खरं होतं!" आणि चारी बाजूंनी गलका उठला. कोणाचं पीठ कोणाच्या डब्यात गेलं याचा ज्याला त्याला संशय आला.

मी तानाबाईकडे पाहिलं. ती खाली बसली होती. तोंडावर पदर ओढलेला होता. तिला हे माहीत नव्हतं, ते मला तेव्हा कळलं. सहा वर्षं ती सरपंचाच्या घरचं पीठ खात होती आणि आपण आपल्या कमाईचं खातो असं समजत होती.

सचिवानं टेबलावर हात आपटून सगळ्यांना गप्प केलं आणि लिहून घेतलं. मग तो म्हणाला, आता बाकीचेही वाचतो. लहानूचा कागद आला तेव्हा कोणीतरी मोटरसायकलचं विचारलं. लहानू उठून म्हणाला, "ते आता घेतली, लिहा तसं," आणि परत बसला. प्रभाकररावांच्या गल्लीतले सात कागद निघाले, सातही घरं मजुरांची, सातही पोटभर जेवणारी, आणि सातांवर सही प्रभाकररावांची. तेही उठले. माझ्यासारखं ओरडले नाहीत, पण "चूक झाली" असं म्हणाले आणि ते लिहिलं गेलं. सभा साडेचार तास चालली. मांडीवर लेकरं झोपली तरी बायका हलल्या नाहीत. चौसष्टमधल्या एकोणतीस घरांची दुरुस्ती झाली आणि रजिस्टरवर त्या दिवशी लोकांनी वाचून सह्या केल्या.

कागद तहसीलला गेले, चौकशी झाली. मी म्हणत होतो, काही होणार नाही, पण झालं. पुढच्या वर्षी सुधारलेली यादी लागली. तानाबाईला पंधरा मार्क. २००८ च्या उन्हाळ्यात तिच्या जागेवर विटांचं घर उभं राहिलं. दारावर तिचं नाव आणि योजनेचं वर्ष रंगवलेलं आहे. हिंगणघाटहून पोरगी-जावई आले, गल्लीत पेढे वाटले. आमच्याकडे पेढे पोरगी घेऊन आली.

कारण तानाबाई त्या सभेनंतर माझ्या चक्कीवर आली नव्हती. दुसऱ्या दिवशीच डबा डोक्यावर घेऊन ती वडनेरच्या रस्त्याला लागली. तीन किलोमीटर जायचं, तीन यायचं. मला वाटलं, चार दिवसांचा राग आहे. चार महिने झाले, दोन वर्षं झाली. कौशल्याबाईशी ती बोलायची, माझ्याशीही बोलायची, पाण्याबिण्याचं, उन्हाचं. पण दळण वडनेरला. आणखी दहा-बारा घरंही तिकडे जायला लागली होती. मी कोणाच्या डब्यात काय पाहतो आणि कुठं बोलेन याचा त्यांना भरवसा राहिला नव्हता, आणि मी त्यांना दोष देत नाही.

परवा ती फाट्यावर एसटीची वाट पाहत उभी होती. आता गुडघे दुखतात, म्हणून एसटीनं जाते. मी सायकलवरून उतरलो.

"तानाबाई, काऊन एवढी तकलीफ करते? भिंतीले भिंत लागून हाय. सगळ्याइच्या आधी लावतो तुयं दळण. दगडं साफ करून लावतो, कोनाचं चिमूटभर नाई येनार."

ती हसली. राग नव्हता त्यात.

"तुमी चांगलंच केलं भैय्याजी. तुमी बोल्ले म्हून घर भेटलं मले," ती म्हणाली. "पण वडनेरच्या चक्कीवाल्याले मालूम नाई मी कोन हाय न् किती खातो."

एसटी आली. तिनं डबा दोन्ही हातांनी उचलला आणि आधी तो आत सरकवला. डबा किती भरलेला आहे हे हाताच्या ताणावरून मला लांबूनही कळतं. मी दुसरीकडे पाहिलं.